वाचवायचं नाही

"मॅडम, ही मला सारखी वाचवते!"

प्रांजल पाण्यातून ओरडली तेव्हा तिची मान सगुणाच्या कोपरात होती आणि हनुवटी चार बोटं पाण्याच्या वर, अगदी शास्त्रोक्त. चेंडू मात्र कोणाच्याच हातात नव्हता. तो एकटाच तरंगत तलावाच्या दुसऱ्या टोकाला निघाला होता.

हेमांगी परबने काठावरून शिट्टी वाजवली. जानेवारीतली सकाळ होती. चारकोपजवळच्या त्या जलतरण तलावाचं पाणी इतकं गार, की मुली आत उतरताना देवाचं नाव घेत आणि बाहेर येताना हेमांगीचं.

"सगुणा, सोड तिला!"

"बाई, खाली जात व्हती ती."

"जायलाच हवीय. तूच ढकललंस ना तिला?"

"हां."

"मग?"

"मंग खाली गेली ना ती," सगुणा म्हणाली. एवढी साधी गोष्ट शिकल्यासवरल्या बाईंना कशी कळत नाही, याचं तिला खरोखर आश्चर्य वाटत होतं.

हेमांगी मालाडच्या एका शाळेत पी.टी.ची शिक्षिका होती. म्हणजे वेळापत्रकात तरी होती. प्रत्यक्षात पी.टी.चा तास हा गणिताच्या शिक्षकांचा राखीव साठा असतो आणि परीक्षा जवळ आल्या की तो साठा संपेपर्यंत उपसला जातो. त्यामुळे हेमांगीचा खरा दिवस शाळा भरण्याच्या आधीच, तलावावर उरकायचा. तिथे ती मुलींना वॉटर पोलो शिकवत असे. किती वर्षं, हे विचारण्याऐवजी लोक घोड्यांबद्दल विचारत. "घोडे पाण्यात राहतात का हो उभे?" असं एका नगरसेवकाने तिला भर सभेत विचारलं होतं. राहत नाहीत, एवढंच उत्तर तिने दिलं. तो समाधान पावला.

घोडे नसतात, हे सोडलं तर खेळ समजायला सोपा आहे. प्रत्येक बाजूला सात जणी. तळाला पाय लावायचा नाही. चेंडू एकाच हाताने धरायचा. पाय सतत आलटून पालटून ताकातल्या रवीसारखे घुसळत ठेवायचे, म्हणजे माणूस पाण्यात उभा राहतो. आणि जिच्या हातात चेंडू आहे तिला दाबायचं, ढकलायचं, पाण्याखाली घालायचं. ती खाली गेली की चेंडू घेऊन निघून जायचं. पंचाला पाण्याच्या वरचं दिसतं आणि खेळ बराचसा खाली चालतो. या बाबतीत तो कोणत्याही सरकारी कार्यालयासारखा आहे.

सगुणाला यातलं सगळं जमे. फक्त शेवटचं, निघून जाणं, जमत नसे.

ती मनोरीची. दिवाळीच्या सुटीत हेमांगी मार्वेहून फेरीबोटीने मनोरीला चालली होती, तेव्हा एका पाहुण्याच्या पायातली चप्पल खाडीत पडली. पलीकडच्या होडीतून एक पोरगी सरळ पाण्यात उतरली आणि मान वर ठेवून चपलेच्या मागे गेली. ओढ उलटी होती. पोरीने एका हाताने चप्पल पकडली, दुसरा हात मोकळा ठेवला आणि फेरीशेजारी पाण्यातून कंबरेपर्यंत वर उठून ती पाहुण्याच्या मांडीवर नेमकी फेकली. पाहुण्याला चप्पल दिसली. हेमांगीला चेंडू दिसला. तिच्या हाताखालची एकही मुलगी आजवर जिल्ह्याच्या संघात गेली नव्हती. ही जाणार, असं तिने मनोरीच्या धक्क्याला पाय लागायच्या आत ठरवून टाकलं.

पोरीची आई कल्पिता चारकोपच्या बाजारात मासळी विकायची. हेमांगी तिची जुनी गिऱ्हाईक. पण पापलेट मागणं वेगळं आणि पोरगी मागणं वेगळं.

"नको गं बाय," कल्पिता कोयत्यावरून नजर न उचलता म्हणाली. "आमचा सगला जलम पान्यात गेला. हिचा आजा पान्यात, बाप पान्यात, मी या बर्फाच्या पान्यात. येक पोरगी मना सुकी ठेवायची हाय. मालाडला कॉम्प्युटरचा क्लास बगलाय, सकालचा. पुढं एसीत बसंल."

"जिल्ह्यातून राज्याला गेली तर नोकरीत खेळाडूंसाठी जागा असतात. तिथेही एसी असतो."

कल्पिताने माशाचं डोकं वेगळं केलं आणि विचार केला. "निवडली का नाय, ते कवा कलतं?"

"फेब्रुवारीत. अंधेरीला चाचणी आहे."

"मंग तवापरत तुमची. निवडली तं खेलू दे. नाय तं क्लास. बोला."

"ठरलं."

"आनि मासे नेताव का बोलायलाच आलताव?"

हेमांगीने मासे नेले. कल्पिताने भाव एक रुपयानेही कमी केला नाही, यावरून सौदा पक्का झाल्याचं तिला कळलं.

आता अडचण एकच होती, पण ती रोज सकाळी पाण्यात उतरायची. सगुणा बचावाला असे. समोरच्या मुलीला दाबून खाली घालायची आणि ती खाली गेली, की त्याच हाताने तिला वर घ्यायची. वर आलेली मुलगी खोकायची, थँक्यू म्हणायची आणि गोल करायची. आठवडाभरात सगुणाने निम्मा संघ वाचवला. एकीला तर दोनदा वाचवलं, कारण पहिल्यांदा ती निसटली होती.

"तुला हे शिकवलं कोणी?" हेमांगीने एकदा चहाच्या टपरीवर विचारलं.

"कोनी नाय. खारीच्या पान्यात जो खाली गेला त्याला वर घ्यायचा. मंग बगायचा कोन हाय तो."

"आणि दुश्मन निघाला तर?"

"वर घेऊन मंग मारायचा."

नियम म्हणून हे हेमांगीला वॉटर पोलोच्या पुस्तकापेक्षा बरं वाटलं. पण अंधेरीच्या पंचांनी ते वाचलेलं नव्हतं.

तिने समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं. हेमांगी फार चिडली की तिच्या तोंडून प्रमाण मराठी निघून जाई आणि सावंतवाडी बाहेर पडे. "गो बाय माझे, सोड गो तिका! काय कडेवर घेऊन फिरतलंस?" मुली पाण्यातच हसून हसून नाकात पाणी घ्यायच्या. सगुणा त्यांनाही वाचवायला जायची.

शेवटी एका सकाळी हेमांगीने ट्रॅकसूटचं जॅकेट काढलं, घड्याळ काठावर ठेवलं आणि स्वतः पाण्यात उतरली. जीवरक्षक अंबादास खुर्चीत बसून पेपर वाचत होता. त्याने पेपर थोडा खाली केला. "मॅडम, यंदा तुम्ही पण ट्रायल देताय काय? सब-ज्युनिअर?"

"तू वाच. कोणी बुडालं तर छापून येईलच."

ती सगुणासमोर गेली. "हे बघ. चेंडू माझ्या हातात. तू मला दाबायचं, मी खाली जाणार. तू मला वर घ्यायचं नाहीस. चेंडू घ्यायचा आणि निघायचं. मी पोहणारी बाई आहे, मी मरत नाही."

"हां बाई."

हेमांगी खाली गेली. डोळे उघडायच्या आत केसांना हिसका बसला आणि ती परत वर होती.

"अगं!"

"सॉरी बाई. हात आपोआप जातो."

हात पुढचे कितीतरी दिवस आपोआप गेला. कधी केसांना, कधी कॉलरला, एकदा कानाला. घरी नवऱ्याने विचारलं, की तुझ्या शाळेत हल्ली शिक्षकांना मारतात का. हंगामात सकाळचा चहा आपला आपण करायचा असतो, एवढाच खेळ त्याला कळत असे आणि तेवढा तो मन लावून खेळे.

फेब्रुवारी लागला. हेमांगी रोज बुडत होती आणि रोज वाचत होती. मग एका सकाळी ती खाली गेली आणि काहीच झालं नाही.

पाणी हिरवट होतं. वर सगुणाचे पाय दिसत होते, एका लयीत घुसळणारे. हेमांगीने वाट पाहिली. पाय वळले, लांब गेले, फेसात मिसळले. खाली एकदम फार शांत झालं. ती आणखी थोडा वेळ तशीच राहिली. कशासाठी, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. मग स्वतःच वर आली.

सगुणा पलीकडच्या टोकाला होती, चेंडू हातात. तो गोलात मारून परत काढूनही झाला होता. ती या बाजूला बघत नव्हती.

"जमलं!" हेमांगी ओरडली. आवाज जरा जास्तच मोठा आला. "झकास! काय केलंस मनात?"

"काय नाय. हात निघाला ना, की म्हनायचा, बाईंनी सांगलंय."

"हेच. हेच करायचं."

त्या दिवशी शाळेत गणिताच्या सरांनी तास मागितला, तो हेमांगीने भांडण न करता देऊन टाकला. सरांना काळजी वाटली. त्यांनी तब्येतीची चौकशी केली.

चाचणी रविवारी अंधेरीला होती. संघटनेने मोठा फलक लावला होता. त्यावर प्रमुख पाहुण्यांचा फोटो तलावाएवढा आणि चेंडूचा फोटो लिंबाएवढा होता. पाहुण्यांनी काठावर नारळ फोडला, त्यातलं निम्मं पाणी तलावात गेलं. मग त्यांनी भाषणात शिवरायांच्या घोडदळापासून सुरुवात करून या खेळाची परंपरा सांगितली. निवड करणारे तिघे छत्रीखाली बसले होते. त्यातल्या एकाचं लक्ष मोबाइलकडे होतं, दुसऱ्याचं पाहुण्यांकडे. तिसरे चंद्रप्रकाश. ते खेळाकडे पाहत, कारण एकेकाळी खरंच खेळलेले. पेन त्यांच्याच हातात होतं, त्यामुळे त्यांच्याच डोळ्यांना किंमत होती.

शेवटचा सामना हेमांगीच्या मुलींचा आणि मुलुंडच्या मुलींचा. मुलुंडची पुढची खेळाडू गंधाली उंच, खांद्यांनी रुंद, स्वभावाने गप्पिष्ट. सामन्याआधी अंग मोकळं करताना ती सगुणाजवळ पोहत आली.

"तू मनोरीची ना? भारी यार. माझी मावशी येते तिकडे बीचवर. तुझे पाय कसले चालतात गं! मला पंधरा मिनिटांत गोळे येतात."

"केला खायचा," सगुणा म्हणाली. "आनि मीठ."

शिट्टी झाली आणि पुढे जे झालं ते हेमांगीने इतक्या वर्षांत फक्त मनात पाहिलं होतं. सगुणाने गंधालीला चेंडूच धरू दिला नाही. धरला तर टिकू दिला नाही. दाबायची, चेंडू काढायची, निघायची. मागे वळून बघत नव्हती. दुसऱ्या सत्रात मोबाइलवाल्याने मोबाइल खिशात ठेवला. तिसऱ्यात चंद्रप्रकाशांनी शेजाऱ्याला कोपर मारलं आणि सगुणाकडे बोट दाखवलं. हेमांगीने हे पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. नजर लागण्यावर तिचा विश्वास नव्हता, पण धोका कशाला घ्या.

शेवटचं सत्र. गोल बरोबरीत. गंधालीकडे चेंडू आला, सगुणाने मागून दाब दिला. गंधाली खाली गेली, चेंडू सुटला, सगुणाने उचलला. मुलुंडच्या गोलरक्षक मुलीने पुढे यायची घाई केली होती, त्यामुळे गोल सताड उघडा. प्रांजल पाण्यात हात आपटत ओरडत होती, "मार! मार ना यार! मार!"

सगुणाने चेंडू डोक्यावर धरला. हात मागे नेला. आणि ती थांबली.

तिने डोकं वळवून काठाकडे पाहिलं. सरळ हेमांगीकडे.

बघणाऱ्या सगळ्यांना वाटलं, पोरगी घाबरली, फेकू की नको ते विचारतेय. हेमांगीला मात्र कळलं. गंधाली गेली होती तिथे फेस नव्हता. एक पांढरी टोपी पाण्याच्या वितभर खाली दिसत होती, आणि ती वर येत नव्हती. खाली जाणाऱ्या आणि बुडणाऱ्या माणसात जो फरक असतो, तो या पोरीला कोणी शिकवावा लागला नव्हता. पण तिचा हात आपोआप गेला नव्हता. ती विचारत होती.

चंद्रप्रकाशांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. गोल उघडा होता. हेमांगीच्या तोंडून आवाज फुटायला एक श्वास लागला. त्या एका श्वासात तिला उघडा गोल दिसला, जिल्ह्याचा संघ दिसला, आणि कल्पिताला दिलेला शब्दही दिसला. हे तिने पुढे कधी कोणाला सांगितलं नाही.

"सगुणा! घे गो तिका वर! वर घे!"

चेंडू सुटला. सगुणा खाली गेली आणि गंधालीला घेऊन वर आली, मान कोपरात, हनुवटी पाण्याच्या चार बोटं वर. पंचाचे डोळे चेंडूवर होते. मुलुंडच्या एका मुलीने तो उचलला, लांब फेकला, दुसरीने गोल केला, आणि मग शिट्टी झाली. ती गोलाची शिट्टी होती.

गंधाली काठावर पडून खोकली, ओकली, रडली आणि पोटरी धरून बसली. पोटरीत दगडासारखा गोळा आला होता. तलावाचा जीवरक्षक ट्यूब घेऊन धावत आला आणि सगळं झालेलं पाहून ट्यूबवर टेकून उभा राहिला. सगुणाने गंधालीचा पाय मांडीवर घेतला आणि पंजा वर दाबत बसली. मुलुंड एका गोलने जिंकलं.

अर्ध्या तासाने नावं वाचली. गंधालीचं होतं. प्रांजलचंही होतं. हेमांगीच्या हाताखालची पहिली मुलगी जिल्ह्यात गेली. प्रांजल नाचली. हेमांगीने तिची पाठ थोपटली आणि छत्रीखाली गेली.

"सर, माझी बचावाची मुलगी."

"मॅडम, मुलगी फारच चांगली," चंद्रप्रकाश मनापासून म्हणाले. "मी तर लिहीतच होतो नाव. पण उघड्या गोलवर बॉल सोडते हो. काठाकडे बघत बसते. किलर इन्स्टिंक्ट नाही."

"ती दुसरी मुलगी बुडत होती."

"कोण?"

"गंधाली. जिला तुम्ही घेतलंत."

"हां, ती उत्तम आहे," चंद्रप्रकाश म्हणाले. "दणकट आहे एकदम."

हेमांगीने त्यांच्याकडे पाहिलं. ते खोटं बोलत नव्हते. ते चेंडूकडे पाहत होते, आणि चेंडूकडे पाहणं हेच त्यांचं काम होतं. "पुढच्या वर्षी परत आणते," ती म्हणाली.

"अवश्य आणा. कामाची आहे."

मालाडपर्यंत बसमध्ये सगुणा खिडकीतून बाहेर बघत होती. मार्वेच्या रिक्षात बसल्यावर म्हणाली, "बाई."

"हं."

"मना कलला व्हता. ती खरंच जात व्हती."

"माहीत आहे."

"तरी मी थांबली."

रिक्षा खड्ड्यातून गेली. दोघींची डोकी वर आपटली.

"मीही थांबले," हेमांगी म्हणाली. "माझं थांबणं जास्त होतं." मग नेहमीच्या करड्या आवाजात, "ते मी तुला शिकवलेलं विसरून टाक. मी बघते. समोरच्या मुलीच्या मागे न राहता पुढे राहून पण अडवता येतं. पायांना काम जास्त पडतं. तुझे पाय आहेत."

"पुढं राहून?"

"पुढे. तिच्यापर्यंत चेंडू पोचूच द्यायचा नाही. मग बुडवायची वेळच येत नाही."

"मंग हे आधी का नाय सांगलं?"

याला हेमांगीकडे उत्तर होतं. ते वळण शिकायला वर्ष लागतं आणि तिला फेब्रुवारी गाठायचा होता. पण ते उत्तर द्यावं असं तिला वाटलं नाही.

मार्वेच्या धक्क्यावर कल्पिता रिकामी पाटी उलटी घालून तिच्यावर बसली होती. बाजार उरकून ती याच वेळेला परतायची. पोरीला पाहून तिने पदराने तोंड पुसलं.

"काय झाला?"

"येक बुरत व्हती. वर घेतली तिला."

"जगली?"

"हां."

"कुठली?"

"मुलुंडची."

"मुलुंडला कुठं आलाय पानी," कल्पिता म्हणाली. तिच्या लेखी बातमी तिथे संपली होती. रस्त्यात कोणाची पिशवी फाटली आणि कांदे गोळा करून दिले, इतकीच ती होती. "डबा खाल्लास? आनि निवडली काय?"

"नाय."

हेमांगी पुढे झाली. "कल्पिताताई, तिचं काही चुकलं नाही. चूक—"

सगुणाने तिच्याकडे पाहिलं. हेमांगीने वाक्य तिथेच सोडलं. पोरीने विचारायला वेळ घेतला आणि बाईने सांगायला, हे कल्पिताला सांगून समजलं नसतं. मध्ये विचारण्यासारखं काय असतं, असं तिने विचारलं असतं.

"चूक कोनाची का आसंना," कल्पिता पाटी डोक्यावर घेत म्हणाली. "बोलनं झालंय आपलं. सोमवारपासून क्लास."

"संध्याकालचा लाव," सगुणा म्हणाली.

"सकालचा ठरलाय."

"सकाली मी तलावावर जानार."

"कशाला? निवडली नाय ना तुला?"

"नाय निवडली, म्हनून तं जानार. निवडली असती तं अंधेरीला गेली असती."

कल्पिताने पोरीकडे पाहिलं, मग हेमांगीकडे. हेमांगीने दिलेला शब्द आठवून खाडीकडे तोंड केलं. पलीकडे मनोरीच्या धक्क्यावर कोणीतरी जाळी झटकत होतं. फेरीवाल्याने भोंगा वाजवला.

"बस बोटीत," कल्पिता म्हणाली. "घरी बोलू. तुज्या बापासला तं येऊ दे."

"त्याला मी सांगलंय."

"कवा?"

"काल."

"निवडायच्या आधीच?" कल्पिताचा आवाज चढला. दोघी मायलेकी भांडत भांडतच फेरीवर चढल्या. दोन मोटारसायकली चढल्या, बर्फाच्या लाद्या चढल्या, सुटीला आलेलं एक कुटुंब चढलं. कुटुंबातला बाप फोटो काढत होता, आई केस सावरत होती. त्यांची फ्रॉकमधली लहान पोर कडेच्या साखळीखालून वाकून पाण्यात बघत होती.

फेरीने धक्का सोडला. हेमांगी उभी राहून बघत होती. कल्पिताचा एक हात डोक्यावरच्या पाटीला होता, दुसरा पोरीच्या तोंडासमोर नाचत होता. सगुणाही तितक्याच जोरात काहीतरी सुनावत होती. आईच्या डोळ्यांत डोळे घालून, मान तसूभरही न वळवता. तिचा डावा हात मात्र मागे गेला होता, आणि त्या परक्या पोरीच्या फ्रॉकचा मागचा पट्टा त्याने मुठीत घट्ट धरला होता.